सरळ रेषेतलं अंतर

फोन वाजला तेव्हा तिच्या डाव्या हातात कुणा अनोळखी माणसाचा वरचा जबडा होता आणि उजव्या हातातली गरम सुरी मेणात अर्धी रुतलेली होती. पुढचे दात बसवून झाले होते, सुळा राहिला होता. सुळा बसवताना ती नेहमी श्वास धरायची. तो जरा बाहेर आला की माणूस हिंस्र दिसतो, जरा आत गेला की भित्रा. फोनवर भिंगरीचं नाव दिसलं आणि तिच्या मनात आधी आलं ते एवढंच, की आज वार कुठला. भिंगरी सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन करायची आणि हा तर आठवड्याच्या मधलाच कुठला तरी दिवस होता, जेवणाच्या आधीची वेळ. तिकडे आत्ता पहाट असेल. पहाटेचा फोन, म्हणजे काहीतरी असणार. सुरी दिव्याशेजारी ठेवून तिनं फोन कानाला लावला.

“आई, कामात आहेस?”

“नाही गं, बोल. बरी आहेस ना? बाबा बरे आहेत?”

“सगळे बरे आहेत. ऐक ना, या सुट्टीत मी नाही येत.”

“बरं,” ती म्हणाली.

“बाबा उद्या तिकीट काढणार होते. त्याच्या आधी तुला सांगावं म्हटलं.”

“बरं झालं सांगितलंस. अभ्यास आहे का खूप?”

“अभ्यास नाही. पोहण्याच्या तलावावर काम मिळालंय मला, लोकांवर लक्ष ठेवायचं. पण कामाचंही तसं काही नाही. दमले गं मी, आई. येऊन जाऊन.”

“बरं,” ती पुन्हा म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती हातातल्या जबड्याकडे बघत राहिली. मेण थिजलं होतं. पलीकडे घासायच्या यंत्राचा आवाज चालू होता आणि हवेत नेहमीसारखी प्लास्टरची पांढरी धूळ होती, जी संध्याकाळी घरी गेल्यावर तिच्या भुवयांतून निघायची. तिला राग आला तो त्या ‘बरं’चा. पोरीनं इतक्या वर्षांचं येणं एका वाक्यात मोडीत काढलं आणि आपण, दुकानदारानं साखर संपली म्हटल्यावर म्हणावं तसं, बरं म्हणालो. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या शब्दाच्या तळाशी कुठेतरी खरंच बरं वाटलं होतं. क्षणभरच. यंदा गाद्या उन्हात टाकायला नकोत, रजेसाठी मालकांच्या विनवण्या नकोत, विमानतळावर तासन्‌तास उभं राहणं नको, आणि निघायच्या आदल्या दिवशीचं ते दोघींचं विनाकारण हसत सुटणं नको. एवढंसं, नखाएवढं हायसं वाटलं, ते तिनं स्वतःच्या मनात रंगेहाथ पकडलं. सतराव्या वर्षी दमले म्हणते. दमणं हे आपलं होतं. घरात, कामावर, नातेवाइकांत, दमलेली कोण तर आपण, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. ते कुणी आपल्याकडून असं काढून घेईल हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं सुरी पुन्हा तापवली आणि सुळा बसवला. शेजारच्या बाकावर कवळ्यांना चकाकी आणायचं काम करणारा माणूस इतका उंच होता की सगळे त्याला उंटच म्हणत, आणि तोही उंट म्हटल्यावर ओ द्यायचा. त्यानं मान लांब करून तिच्या हातात डोकावून बघितलं.

“ताई, हा माणूस चावेल हं कुणाला तरी.”

सुळा बाहेर आला होता. ती हसली, दात मेणातून उपटून तिनं तळहातावर घेतला आणि उगाच मुठीत धरून बसली.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडल्यावर तिनं त्याला सांगितलं, लेक येत नाही या वर्षी. एरवी उंटाला कसलंही गांभीर्य नव्हतं, पण आज तो नुसता डब्याचं झाकण पुसत राहिला. मग जणू काही तरी करायला हवं म्हणून त्यानं खिशातून फोन काढला. जगातली कुठलीही गोष्ट तो फोनला विचारायचा. “किती लांब आहे हो नक्की?” असं म्हणत त्यानं दोन शहरांची नावं टाकली, एक हे, एक ते. काचेवर निळा पृथ्वीचा तुकडा आला आणि त्यावर एक वाकडी रेघ. “नऊ हजार किलोमीटर, जरा इकडेतिकडे. बारा तासांच्या आत. एवढंच? माझी सासुरवाडी याहून लांब पडते, ताई. दोन बसा आणि वर सासरा.”

“हे सरळ गेलं तर,” ती म्हणाली. “सरळ विमान नाही जात. मध्ये उतरावं लागतं.”

“मध्ये किती वेळ?”

तिला माहीत नव्हतं. विमान इथे केव्हा उतरतं ते तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. किती अलीकडे निघायचं, कुठल्या खांबाजवळ उभं राहायचं, सगळं तोंडपाठ. तिकडून केव्हा निघतं तेही माहीत होतं, कारण भिंगरीचे बाबा ‘बसवलं’ एवढा एक शब्द फोनवर पाठवायचे. पण त्या दोन्हींच्या मधलं, त्या तिसऱ्या शहरातलं, जिथे तिची मुलगी आठव्या वर्षापासून दर सुट्टीत जाताना आणि येताना बसून राहिली होती, ते किती वेळ, कुठे, कशी, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. गणित करून बघायचं तर दोन्हीकडची घड्याळं वेगळी. उंट वाट बघत होता. “असेल तास-दोन तास,” ती म्हणाली आणि घास घेतला. तो कितीतरी वेळ तोंडात फिरत राहिला.

घरी आल्यावर तिनं दिवा न लावता चपला काढल्या. संध्याकाळचं पिवळं ऊन आतल्या खोलीतल्या पलंगावर पडलं होतं. पलंग आजीचा, म्हणजे तिच्या आईचा. म्हातारीला जाऊन तीन वर्षं होऊन गेली तरी पलंगावर रबरी चादर तशीच होती; धुऊन, घडी घालून पायथ्याशी ठेवलेली. वहिनी आली की दर वेळी म्हणायची, अहो काढा ती, आणि दर वेळी ती म्हणायची, काढते. आजी अंथरुणाला खिळली त्याच सुमारास भिंगरीच्या बाबांना त्या दूरच्या शहरात नोकरी लागली होती. चांगली होती, नाही म्हणण्यासारखी नव्हती. आजीला हलवणं शक्य नव्हतं आणि टाकून जाणं तर नाहीच. तिकडे शाळा उत्तम, घर मोठं, अंगण. इकडे एका खोलीत हगणं-मुतणं आणि दुसऱ्या खोलीत मुलीचा अभ्यास. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, असं दोघं म्हणाले होते. ‘एका वर्षाचा प्रश्न’ हे शब्द तेव्हा किती सोयीचे वाटले होते! डॉक्टरही तेच म्हणाले होते, जास्तीत जास्त एक वर्ष. पण म्हातारी चिवट निघाली. तिनं डॉक्टरांना खोटं पाडलं आणि वर्षामागून वर्षं काढली, रोज सकाळी डोळे उघडून ‘आहे का गं मी?’ असं विचारत. मुलगी तिकडे रुळली, तिकडच्या मैत्रिणी, तिकडची भाषा. तिला उपटून परत आणायचं कशासाठी? नवराबायकोत भांडण असं कधी झालंच नाही. चादर दोन टोकांना धरून घडी घालताना कुणाच्या हातून आधी सुटली हे कळायच्या आत ती जमिनीवर पडलेली असते, तसं झालं. पुढे रीतसर वेगळे झाले तेही इतक्या समजुतीनं, की भांडायला आलेल्या भावाचा हिरमोड झाला. लोक मात्र बोलायचे. बापानं मुलगी हिसकावून नेली असती तर त्याला नावं ठेवली असती. आईनं पाठवली म्हटल्यावर कुणाला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून सगळे हळू आवाजात बोलत. वहिनी एवढीच मोठ्यानं बोलली. “मूल असं पार्सल करतात का कुणी?” ती म्हणाली होती. पहिल्यांदा मुलगी एकटी आली तेव्हा खरोखर पार्सलच आलं. गळ्यात दोरीला लावलेलं कार्ड, हाताला धरून आणणारी गणवेशातली बाई, आणि त्या बाईनं पुढे केलेल्या कागदावर सही. सही केली तेव्हा बाई म्हणाली, “मिळाली ना?” आणि निघून गेली.

आणि आली तरी ती लगेच यायची नाहीच. पहिले कितीतरी दिवस भिंगरी भर दुपारी झोपायची आणि झोपेतच तिकडचं काहीबाही बोलायची. डोळे उघडे असले तरी आत कुणी नाही असं वाटायचं. जेवायला बसली की ताटाकडे बघत राहायची. मग एखाद्या सकाळी अचानक हाक यायची, आई, माझा पिवळा फ्रॉक कुठाय, आणि त्या हाकेवरून कळायचं, की आली. आत्ता पोचली. तोवर परतीचं सामान डोळ्यांसमोर दिसायला लागलेलं असायचं. जाताना काचेच्या दारातून आत गेल्यावर ती कधी वळून बघायची नाही. कठीण आहे हो पोर, असं भावाजवळ ती स्वतःच एकदा बोलून गेली होती. आता दिवा न लावलेल्या त्या खोलीत, रबरी चादरीचा वास नाकात घेत, तिला वाटलं, आपण किती आरामात उभे होतो. दर वेळी आपण एकाच जागी, त्याच खांबाला टेकून. लांब होती ती फक्त मुलगी. आपण कधीच कुणापासून लांब नव्हतो. आजी होती तोवर एक वेळ ठीक. पण आजी तर केव्हाच गेली आणि तरी आपण तिच्या उशाशी बसल्यासारखे इथेच बसलो. इथे राहण्याचं कारण मेलं, आणि आपण त्याचं शव उचललंच नाही.

तिनं फोन लावला. तिकडे दुपार झाली होती.

“मी येते,” ती म्हणाली.

“कुठे?”

“तिकडे. तुझ्याकडे.”

“कशाला?” भिंगरीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं असावं. “ये ना. ये. पण मला काम आहे हं, मी रजा नाही घेणार.”

मालकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “ताई, ढीगभर काम अंगावर आहे आणि तुम्ही निघालात. लोकांनी काय दूध पिऊन राहायचं?” मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “जा, जा. पंचवीस वर्षांत तुम्ही दाढदुखीची रजासुद्धा मागितली नाहीत. माझीच बोलायची सोय ठेवली नाहीत.” कागदपत्रांत काही आठवडे गेले. उंटानं तिला प्रवासासाठी मानेखाली घ्यायची फुगवायची उशी आणून दिली आणि स्वतःच्या गळ्यात घालून दाखवली. त्याच्या मानेला ती खांद्यावर बसलेल्या मांजरासारखी दिसत होती. सगळे हसले. तीही हसली. निघायच्या दिवशी घराला कुलूप लावताना तिला वाटलं, आपण कुठे तरी पळून चाललो आहोत, आणि शेजारच्यांनी विचारायच्या आत ती जिना उतरली.

विमानात तिच्या एका बाजूला खिडकी होती आणि दुसऱ्या बाजूला झोपलेला एक जाडजूड माणूस. समोरच्या छोट्या पडद्यावर एक चिमुकलं विमान निळ्या समुद्रावर चिकटवून ठेवल्यासारखं थांबलं होतं. ती डोळे मिटायची, कितीतरी वेळानं उघडायची; विमान तिथेच. पाय सुजून बूट घट्ट झाले. खाण्याचं ताट आलं तेव्हा लोण्याच्या डबीचं झाकण तिला उघडेना. नखांनी झालं नाही, दातांनी झालं नाही. तिनं डबी बाजूला ठेवली आणि पाव कोरडाच खाल्ला. खाता खाता तिच्या डोक्यात आलं, आठव्या वर्षी ही डबी कुणी उघडून दिली असेल? बाथरूमचं दार कसं आत ढकलायचं हे कुणी सांगितलं असेल? पाय तर जमिनीला टेकतच नसणार. कानात दडे बसल्यावर काय करायचं हे आपण तिला सांगितलं होतं का? सांगितलं असावं. नसावं. शेजारच्या माणसाच्या अंगावरून ओलांडून जायचा तिला संकोच वाटत होता, म्हणून ती तशीच बसून राहिली, आणि सहन होईना तेव्हाही बसून राहिली. आणि मग एकदम तिला जाणवलं, की मुलगीसुद्धा अशीच बसली असेल, कारण ती आपलीच मुलगी. तिनं खिडकीकडे तोंड केलं. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. एवढा वेळ पांढऱ्याकडे बघितल्यावर माणसाला आपण निघालो होतो हेच खोटं वाटायला लागतं.

मधल्या शहरात उतरल्यावर तिनं पाट्या वाचत वाचत लांबच लांब गुळगुळीत वाट तुडवली. दुकानं, अत्तरांचे वास, खुर्च्यांवर आडवी झालेली माणसं. पुढच्या विमानाला अवकाश होता. तास-दोन तास नव्हे, अर्धा दिवस. खालच्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाशी ती खोली सापडली. अर्ध्या भिंती काचेच्या होत्या, आत ठेंगण्या रंगीत खुर्च्या, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. दारावर लिहिलं होतं, एकट्यानं प्रवास करणाऱ्या मुलांसाठी. आत एकही मूल नव्हतं. दाराशी एक गोल अंगाची बाई सफरचंद खात बसली होती.

“कुणी आहे का तुमचं?” बाईनं विचारलं.

“आता नाही. माझी मुलगी यायची इथून. बरीच वर्षं.”

“यायची असेल. नवी असतात ती रडतात. जुनी झाली की आपली आपण येऊन कोपरा धरतात.”

“तुम्हाला आठवत असेल कदाचित,” ती घाईघाईनं म्हणाली. “दोन वेण्या, डाव्या भुवईत खूण, पिवळा...” आणि थांबली. आपण आठ वर्षांच्या पोरीचं वर्णन करतो आहोत. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी ती कशी दिसत होती, वेण्या केव्हा सुटल्या, हे तिला क्रमानं सांगता येईना.

बाईनं सफरचंदाचा गाभा रुमालात गुंडाळला. “बाई, मला एकही आठवत नाही,” ती हळूच म्हणाली. “आठवून कसं जमायचं मला?”

तिनं काचेला हात टेकला. काच थंड होती. मोठ्यांना आत सोडत नाहीत असं बाईनं न विचारता सांगितलं, आणि थोड्या वेळानं एक खुर्ची बाहेर आणून दिली. ठेंगणी, हिरवी. तिनं त्या खुर्चीत बसून बघितलं. गुडघे पोटाशी आले. समोरून माणसं जात होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. सुरुवातीला वाईट वाटत होतं. मग तेही दमलं, आणि नुसतं बसणं उरलं. इथे ती कुणाची मुलगी नव्हती, कुणाची आई नव्हती, कुणी हाक मारणार नव्हतं. त्या बसण्यात एक प्रकारचा चोरटा आराम होता, आणि त्याची तिला भीती वाटली.

भिंगरी घ्यायला आली होती. केस कापले होते, खांदे पोहून रुंद झाले होते. फोनवर दिसायचा त्याहून चेहरा लांबट. दोघींनी मिठी मारली तेव्हा कुणाची हनुवटी कुणाच्या खांद्यावर येणार याचा घोटाळा झाला. “आलीस तू,” भिंगरी म्हणाली. घरी बाबांनी दार उघडलं. त्यांचे केस विरळ झाले होते आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं. “सुजलेत ना? होतं. बादलीत गरम पाणी काढलंय.” त्यांना सगळं माहीत होतं, दर वर्षी त्यांनी ते पाणी काढलेलं होतं. त्यांनी तिला भिंगरीची खोली दिली आणि ती झोपली. मग जेव्हा जेव्हा जाग आली तेव्हा ऊन होतं, घर रिकामं होतं, ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट होतं. कधी भिंगरी दारात उभी असायची आणि काहीतरी बोलायची. शब्द ऐकू यायचे, पण अर्थ मागून, फार मागून यायचा. आपण कुठल्या बाजूला डोकं करून झोपलो आहोत हे तिला कळत नसे. डोळे उघडे ठेवून ती छताकडे बघायची आणि तिला वाटायचं, हात अजून मागेच राहिलेत, बाकावर, मेणाजवळ.

एका दुपारी ती उठली, तोंड धुतलं आणि घराबाहेर पडली. तलाव कुठे आहे ते भिंगरीनं बोलता बोलता सांगितलं होतं, कोपऱ्यावरून डावीकडे, पुढे पांढरी बैठी इमारत. तरी ती चुकली, एका शाळेला वळसा घालून परत आली, दोघांना विचारलं. आत शिरल्याबरोबर पाण्यातल्या औषधाचा उग्र वास आणि मुलांचा कल्ला एकदम अंगावर आला. छप्पर नव्हतं. पाण्यावर ऊन नाचत होतं आणि पलीकडे उंच शिडीच्या खुर्चीवर, लाल बनियनमध्ये, गुडघ्यांवर हात ठेवून भिंगरी बसली होती. तिनं आईला बघितलं. तिच्या कपाळावर आठी आली, नजर लगेच पाण्याकडे वळली. बऱ्याच वेळानं तिच्या जागी दुसरी मुलगी आली तेव्हा ती खाली उतरली आणि आईला मागच्या पायऱ्यांवर घेऊन गेली. तिथे ओले टॉवेल वाळत होते. तिनं पावाचे दोन तुकडे केले, एक आईला दिला.

“का आलीस?”

“घरात बसवेना.”

“तसं नाही. का आलीस? इतक्या लांब?”

“तू दमले म्हणालीस,” ती म्हणाली. “आणि मी बरं म्हणाले.”

“मग? मला तेच हवं होतं. वाद नको होता.”

“मला ठाऊकच नव्हतं, भिंगरे. मध्ये किती वेळ बसावं लागतं ते. मी बघितली ती खोली. त्या खुर्चीत बसले.”

भिंगरी हसली, पण ते हसू अर्ध्यावरच मोडलं. “हिरव्या?” ती म्हणाली. “तिचा एक पाय हलतो.” तिनं पाव खाल्ला. खाली पाण्यात कुणी तरी धप्पकन उडी मारली. “तुला बाबांनी खरंच सांगितलं नाही ना? मला नेहमी वाटायचं, की सांगितलं असेल आणि तूच दाखवत नसशील.”

“काय?”

“मी सातवी संपवून आले ना, त्या वर्षी. विमान चुकलं होतं.”

“धुकं होतं. बाबांचा फोन आला होता. मी दिवसभर थांबले होते विमानतळावर.”

“धुकं कुठलं! मी बसलेच नाही विमानात. त्या बाईला सांगितलं, बाथरूमला जाते, आणि आत कडी लावून बसले. नाव पुकारत होते माझं, मोठमोठ्यानं, सारखं. मी ऐकत होते.” ती पाण्याकडे बघून बोलत होती, पाणी इथून दिसत नव्हतं तरी त्या दिशेला बघत होती. “तुझ्यावर रागावले नव्हते गं. बाबांवर पण नाही. मला नुसतं कुठेच जायचं नव्हतं. तुझ्याकडे आले की बाबा एकटे, इकडे आले की तू एकटी. तिथे मध्ये माझ्यामुळे कुणीच एकटं नव्हतं. म्हणजे मी होते, पण मला चालत होतं. मग दार उघडलं त्यांनी. बाबांना फोनवर सांगितलं, आईला सांगू नका, ती येऊन उभी असेल.”

तिच्या हातातला पाव ओला झाला होता, टॉवेलाचं पाणी त्यावर ठिबकत होतं. तिला तो दिवस आठवला. खांबाला टेकून किती वैतागली होती ती, धुक्यावर, विमान कंपनीवर. आणि त्याच वेळी ही कडी लावून बसलेली. काय म्हणायचं? इतके दिवस शब्द मागून येत होते. आज ते आधीच येऊन उभे होते आणि एकही धड नव्हता. “मी यायला हवं होतं,” ती म्हणाली. “निदान आजी गेल्यावर तरी. मला कुणी अडवलं नव्हतं. मला सवय झाली होती, तूच यायची. आणि तू नाही म्हणालीस तेव्हा मला एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. हे पण सांगते तुला.”

भिंगरीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. डाव्या भुवईतली खूण आता पुसट झाली होती. “मला पण,” ती म्हणाली. “फोन ठेवल्यावर. इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी रडले.”

तिनं हात पुढे केला. भिंगरीनं तो घेतला, पण लगेच म्हणाली, “आई, आता रडू नकोस हं. तू रडलीस की मी रडेन आणि मला परत वर जाऊन बसायचंय. डोळे भरले तर पाण्यातलं काही दिसत नाही. खरंच.”

“नाही रडत.”

“पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही. येईन की नाही ते.”

“नको सांगूस. मी येईन. तू असशील तिथे. तुला चालत असेल तर.”

भिंगरीनं बोटांवरचा पावाचा चुरा झटकला. आत शिट्टी वाजली, तिची वेळ झाली होती. “घरी जा आता. रस्ता सापडेल ना?”

“मी थांबू का इथे?”

“मी संध्याकाळी सुटते. कंटाळशील. आणि मला तुझ्याकडे बघता येणार नाही, सांगून ठेवते. तिथे बसलं की फक्त पाणी बघायचं असतं, बोलायचं पण नसतं.”

“नको बघूस,” ती म्हणाली.

भिंगरी शिडी चढून वर जाऊन बसली. आई तलावाच्या कडेला, जिथे जागा दिसली तिथे एका बाकावर टेकली. समोर माणसं या टोकाकडून त्या टोकाला जात होती आणि भिंतीला हात लावून परत फिरत होती. एक म्हातारा मधेच थांबून दम घेत होता, भिंगरीची मान त्याच्याकडे वळली, तो पुन्हा पोहायला लागल्यावर सरळ झाली. ती मुलीकडे बघत राहिली. इतका वेळ, सलग, मुलीच्या नकळत नव्हे आणि निरोपाच्या घाईतही नव्हे, तिनं तिला कधी बघितलं नव्हतं. उन्हानं पापण्या जड होत होत्या. कुणी तरी जवळच उडी मारली, पाण्याचा फवारा बाकावर आला आणि तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. ती दचकून उठली आणि काय करावं न सुचून तशीच उभी राहिली.

वर भिंगरीनं मान हलवली नाही. पाण्यावरची नजरही काढली नाही. फक्त गुडघ्यावरचा उजवा हात उचलून तिनं दोन बोटांनी स्वतःच्या बाजूची भिंत दाखवली. तिथे, तिच्या शिडीच्या पायथ्याशी, उन्हात एक कोरडा बाक होता.

चपला हातात घेऊन ती ओल्या फरशीवरून जपून चालत तिकडे गेली आणि बसली.